अणूचं ते चित्र कधीच बाद झालंय

अणू म्हटलं की तेच चित्र आठवतं ना, मधे गोळा आणि भोवती गोल गोल फिरणारे इलेक्ट्रॉन. हे चित्र शंभरेक वर्षांपूर्वीच बाद झालं, पण लोगोमधून काही हलायला तयार नाही.

डाल्टनच्या काळात, म्हणजे 1808 च्या सुमारास, अणू म्हणजे न फुटणारा टणक गोळा, विषय संपला. 1897 ला जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, मग त्याने धन प्रभाराच्या लगद्यात ऋण इलेक्ट्रॉन खोचून दिले, तेच ते प्लम पुडिंग मॉडेल.

खरी मजा 1909 ची. मँचेस्टरला रदरफोर्डच्या लॅबमध्ये गायगर आणि मार्सडेन (हा तर जेमतेम विशीतला विद्यार्थी) धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून सुटणारे धन प्रभाराचे वेगवान कण) मारत होते, आणि मोजणी कशी तर अंधाऱ्या खोलीत बसून, डोळे अंधाराला सरावले की मायक्रोस्कोपमधून पडद्यावरचे बारीक बारीक चमकारे एकेक करून मोजायचे, मशीन वगैरे काही नाही. लगदाच असेल तर कण किंचित वाकून आरपार जायला हवे होते. पण प्लॅटिनमवरून साधारण 8000 मागे 1 कण चक्क उलटा येत होता! रदरफोर्ड नंतर म्हणाला, टिश्यू पेपरवर 15 इंची तोफगोळा मारावा आणि तो परत येऊन आपल्यालाच लागावा, तसं वाटलं. 1911 ला त्याने सांगितलं की जवळजवळ सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात आहे, बाकी अणू रिकामाच.

पण यात एक लोचा होता. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत ऊर्जा गमावणार आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकात कोसळणार, म्हणजे अणू टिकायलाच नको. बोरने 1913 ला सरळ नियमच टाकला की ठराविक कक्षांतच फिरायचं, तिथे ऊर्जा सोडायची नाही, एका कक्षेतून दुसरीत उडी मारली तरच प्रकाश. का? तर माहीत नाही, पण हायड्रोजनच्या वर्णपटातल्या (म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगांनुसार फोड केल्यावर दिसणाऱ्या) रेषा बरोब्बर जुळल्या. हेलियमला मात्र गाडी अडली.

मग 1924 ला द ब्रॉय म्हणाला इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो, 1926 ला श्रोडिंगरने त्या लाटेचं समीकरण दिलं आणि कक्षा गेल्या, उरला तो इलेक्ट्रॉन कुठे सापडू शकेल याच्या शक्यतेचा ढग. ती लाट प्रयोगात पकडणाऱ्यांपैकी एक होता जी. पी. थॉमसन, त्याला 1937 चं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवणाऱ्या जे. जे. थॉमसनचाच हा मुलगा.