तपासलं एक, वापरलं भलतंच

कुठलाही प्रोग्राम फाइल वाचताना डिस्कला स्वतः हात लावत नाही. तो सिस्टीम कॉल करतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, कर्नलला, सांगतो: या फाइलमधले इतके बाइट घे आणि मेमरीत या पत्त्यावर आणून ठेव. हा पत्ता प्रोग्रामने दिलेला, लिहिणार मात्र कर्नल, आणि कर्नलला कुठेही लिहिता येतं. कोणी मुद्दाम कर्नलच्याच मेमरीतला पत्ता पुढे केला तर?

लिनक्समध्ये पत्ता प्रोग्रामच्याच हद्दीतला आहे ना, हे पाहण्याचं काम ‘ॲक्सेस ओके’ नावाची छोटीशी तपासणी करते. २०१७ साली ४.१३ या आवृत्तीत ‘वेटआयडी’ या सिस्टीम कॉलमध्ये नेमकी तीच राहून गेली, आणि साध्या प्रोग्रामला कर्नलच्या मेमरीत लिहायची वाट मिळाली.

विसरणं एक वेळ समजू शकतं. मला जास्त भीतिदायक वाटते ती केलेली, तरीही फुकट गेलेली तपासणी. समजा, प्रोग्राम आधी लांबी आणि पुढे तेवढा मजकूर देतो. कर्नल लांबी वाचतो, बफरमध्ये, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेत, मावेल याची खात्री करतो आणि कॉपी करायच्या वेळी तीच लांबी पुन्हा वाचतो. पण ती मेमरी अजून प्रोग्रामच्याच ताब्यात आहे! दोन वाचनांच्या मधल्या फटीत त्याचा दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच वेळी चालणारी दुसरी शाखा, ६४ चे ६४,००० करून टाकतो. याला ‘डबल फेच’ म्हणतात. २०१३ मध्ये गुगलमधल्या दोघा संशोधकांनी विंडोजचा कर्नल एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवला, एकच पत्ता पाठोपाठ दोनदा कुठे वाचला जातो ते टिपलं आणि अशा चुका डझनांनी शोधल्या.

उपाय सोपा: डेटा एकदाच कर्नलच्या मेमरीत आणायचा, मग ती प्रतच तपासायची आणि तीच वापरायची. (कर्नल आणि प्रोग्राम या दोघांच्या सामायिक मेमरीत तेही पुरत नाही. तुम्ही कोडमध्ये एकदाच वाचलंत, तरी त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर सोयीसाठी ते वाचन दोनदा करवू शकतो.)

जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला आणि अचूक तपासणीही अपुरी ठरली. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर तपासणीचा निकाल लागण्याआधीच अंदाजाने पुढची कामं उरकतो. त्या भरात तो ॲरेच्या, म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेल्या डेटाच्या, हद्दीबाहेरचं वाचतो. अंदाज चुकल्यावर सगळं मागे घेतो, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या वेगवान मेमरीत, खुणा उरतात आणि त्यांवरून गुपित काढता येतं. म्हणून लिनक्समध्ये आता अशा धोक्याच्या जागी इंडेक्स, म्हणजे ॲरेतला क्रमांक, आकडेमोडीतूनच बांधून घेतात: हद्दीबाहेरचा असेल तर त्याचा शून्य होतो, प्रोसेसरचा अंदाज काहीही असो. या जागा शोधायला कोड चाळणारी साधनं आहेत. ती नाहक इशारेही पुष्कळ देतात, त्यामुळे शेवटचा निवाडा माणसालाच करावा लागतो.