कंपनीचे फोन आणि कॉम्प्युटर एका ठिकाणाहून सांभाळण्याची व्यवस्था: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर कंपनीचा मेल येतच राहतो. लॅपटॉप हरवतो आणि त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी) होती की नव्हती, हे कोणालाच सांगता येत नाही. नवा माणूस रुजू होतो आणि त्याच्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकण्यातच सुरुवातीचे दिवस निघून जातात. बहुतेक ग्राहक यांपैकी एखादी अडचण घेऊनच आमच्याकडे येतात. या तिन्हींवर उपाय एकच आहे: कंपनीची सगळी उपकरणं एका व्यवस्थापन सर्व्हरला जोडून घेणं. याला एमडीएम (मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट) म्हणतात.

हे चालतं कसं

विंडोज, मॅक, आयफोन आणि अँड्रॉइड या सगळ्यांमध्ये व्यवस्थापनाची सोय मुळातच असते. उपकरण एनरोल केलं की ते सर्व्हरशी बांधलं जातं. पुढे सर्व्हर त्याला इशारा पाठवतो, उपकरण संपर्क साधतं, आपल्यासाठी काय सूचना आहेत ते विचारतं, त्या अमलात आणतं आणि झालं की नाही ते कळवतं. इशारा पोचला नाही, तरी ते ठरावीक वेळाने स्वतःहून चौकशी करतं. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या एमडीएम सेवेत हा काळ साधारण ८ तासांचा आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. चोरीला गेलेला लॅपटॉप बंद असेल किंवा इंटरनेटवर येतच नसेल, तर तो पुसण्याची आज्ञा सर्व्हरवर नुसती थांबून राहते. म्हणून दुरून पुसता येणं ही दुसरी फळी समजा. पहिली फळी म्हणजे एन्क्रिप्शन: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. या दोन्हींच्या रिकव्हरी की (कुलूप अडलं तर डिस्क उघडणारे कोड) सर्व्हरवर जमा होतात की नाही, हे आम्ही प्रत्येक मशीनवर तपासतो. बिटलॉकरची की ४८ अंकी असते. मदरबोर्ड बदलल्यावर, कधी बायॉस अपडेटनंतरही, मशीन ती मागतं आणि ती कुठेच नोंदवलेली नसेल तर आतला डेटा गेल्यातच जमा असतो.

खाती तुमच्या कंपनीच्या नावावर हवीत

या पत्रकातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. सगळ्या व्यवस्थेचा ताबा शेवटी काही मोजक्या खात्यांकडे असतो: ॲपल बिझनेस मॅनेजर (कंपनीची ॲपल उपकरणं नोंदवण्याचं ॲपलचं पोर्टल), अँड्रॉइडसाठीचं गूगल खातं, मायक्रोसॉफ्टचं मुख्य ॲडमिन खातं आणि एमडीएम सेवेचं सदस्यत्व. घाईघाईत ही खाती आयटी बघणाऱ्या एखाद्या माणसाच्या वैयक्तिक ईमेलवर उघडली जातात, नाहीतर सेवा देणाऱ्या फर्मच्या नावावर. तो माणूस गेला किंवा फर्मशी बिनसलं, की उपकरणं तुमची आणि ताबा दुसऱ्याचा अशी वेळ येते.

ॲपलच्या बाबतीत याचा फटका सगळ्यात मोठा बसतो. आयफोन, आयपॅड आणि मॅकपर्यंत आज्ञा पोचवण्यासाठी ॲपलचं पुश सर्टिफिकेट लागतं. त्याची मुदत एक वर्ष असते आणि ज्या ॲपल खात्यातून ते काढलं, त्याच खात्यातून त्याचं नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या खात्यातून नवं सर्टिफिकेट काढून काम भागत नाही. तसं केलं तर कंपनीतलं प्रत्येक ॲपल उपकरण नव्याने एनरोल करावं लागतं. म्हणून हे खातं आम्ही कंपनीच्याच डोमेनवरच्या (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या), कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या मेलबॉक्सवर उघडून देतो आणि नूतनीकरणाची तारीख तुमच्या कंपनीतल्या दोघांच्या कॅलेंडरवर टाकायला लावतो.

आम्ही स्वतः काम करतो ते वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या खात्यातून. ते तुम्हाला आम्हाला न विचारता केव्हाही बंद करता येतं. ज्या फर्मला हे मान्य नसेल, तिला काम देऊ नका असंच आम्ही सांगू.

आधी यादी

सॉफ्टवेअर निवडण्याआधी यादी करा: कोणतं उपकरण, कोणाकडे आहे, सिरीयल नंबर काय, सिस्टीमची कोणती आवृत्ती चालू आहे, आणि ते कंपनीचं आहे की त्या माणसाचं स्वतःचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्यावर ठरतं.

यादीतच काही अडसर दिसून येतात. विंडोज होम एडिशनचं मशीन कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा डिरेक्टरीत (कंपनीची खाती आणि मशीन यांच्या नोंदवहीत) सामील करता येत नाही. त्याला प्रो किंवा त्यावरची एडिशन लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जी मशीन विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत ती बदलण्याचं नियोजन वेगळं करावं लागतं.

नवी उपकरणं, जुनी उपकरणं

नवी खरेदी असेल तर काम सोपं आहे. अधिकृत विक्रेता सिरीयल नंबर थेट तुमच्या खात्यात नोंदवतो आणि पहिल्यांदा चालू करून इंटरनेटला जोडल्याबरोबर ते उपकरण आपलं आपण व्यवस्थापनाखाली येतं. ॲपलसाठी ही सोय बिझनेस मॅनेजरमधून, अँड्रॉइडसाठी झिरो-टचमधून आणि विंडोजसाठी ऑटोपायलटमधून मिळते. ऑर्डर देतानाच विक्रेत्याला हे सांगा. नंतर नोंदवून घेण्यात बराच वेळ जातो.

वापरात असलेल्या उपकरणांना मात्र वेळ द्यावा लागतो. अँड्रॉइड फोन पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात आणायचा तर आधी फॅक्टरी रीसेट करावा लागतो. मग स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी ६ वेळा टॅप केलं की क्यूआर कोड स्कॅन करण्याची सोय उघडते. आयफोनवर कंपनीला पूर्ण नियंत्रण हवं असेल, तर तोही पुसूनच सुरुवात करावी लागते. अशी नोंद न करता घेतलेला आयफोन ॲपल कॉन्फिगरेटर या ॲपलच्या ॲपने जोडला, तर पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला व्यवस्थापनातून बाहेर पडण्याची मुभा असते, हे धरून चाला. विंडोज मशीन पुसावं लागत नाही, पण कंपनीच्या खात्याने लॉगिन केलं की नवी कोरी प्रोफाइल तयार होते. जुन्या डेस्कटॉपवरच्या फाइल, ब्राउझरचे बुकमार्क, प्रिंटर हे सगळं हलवावं लागतं. माणसं वैतागतात ती नेमकी इथे. त्यामुळे आम्ही विभागवार जातो आणि एका दिवशी तेवढीच मशीन घेतो, जेवढ्यांच्या शेजारी बसून प्रत्येकाचं काम पुन्हा सुरू झालेलं आम्हाला बघता येईल.

कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनचं काय

“कंपनी माझे फोटो बघणार का?” हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. अँड्रॉइडमध्ये ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, वर्क प्रोफाइलची सोय आहे. कामाची ॲप्स फोनवरच वेगळ्या कप्प्यात राहतात आणि त्यांच्या आयकॉनवर ब्रीफकेसचं छोटं चिन्ह दिसतं. या कप्प्याबाहेरचे फोटो, मेसेज, कॉल कंपनीला दिसत नाहीत. माणूस गेला की फक्त कप्पा पुसला जातो. सुट्टीच्या दिवशी कप्पा बंद ठेवण्याची सोयही फोनमध्येच आहे. आयफोनवर युजर एनरोलमेंट साधारण हेच काम करतं: कंपनीला फोनचा सिरीयल नंबरसुद्धा कळत नाही आणि पूर्ण फोन पुसता येत नाही.

कंपनीने दिलेल्या उपकरणांची गोष्ट वेगळी. तिथे बसवलेल्या ॲप्सची यादी दिसते. पूर्ण नियंत्रणाखालचा आयफोन हरवला, तर लॉस्ट मोड लावून त्याचं ठिकाण बघता येतं, एरवी नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिनला तांत्रिकदृष्ट्या पुष्कळ काही करता येतं. म्हणूनच आपण काय बघतो, काय बघत नाही आणि कोणाच्या परवानगीने बघतो, हे एका पानावर साध्या भाषेत लिहून एनरोल करण्यापूर्वी सगळ्यांना द्या. आम्ही नमुना देतो. शब्द मात्र तुमचे असू द्या, माणसं तुम्हाला ओळखतात.

नियम कमी, पण पक्के

एन्क्रिप्शन, स्क्रीन लॉक, किमान ६ अंकी पासकोड आणि वेळेवर अपडेट, इथून सुरुवात करा. कॅमेरा बंद, यूएसबी बंद, वॉलपेपर ठरलेला अशी लांबलचक यादी पहिल्याच दिवशी लावली, की लोक पळवाटा शोधायला लागतात. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्तीही आम्ही सुचवत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिच्याविरुद्धच सल्ला दिला आहे.

मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ते आधी लहान गटावर सोडायचे आणि काही दिवसांनी सगळ्यांवर. त्या लहान गटात अकाउंट्सचं एक तरी मशीन असावं, कारण जुनी सॉफ्टवेअर आणि विचित्र प्रिंटर बहुधा तिथेच असतात.

नियम न पाळणाऱ्या उपकरणावर मेल बंद करण्याची सोयही आहे. ती उपयोगी आहे, पण चुकीची लावली तर ॲडमिनसकट सगळी कंपनी बाहेर राहू शकते. आधी काही आठवडे ती फक्त नोंद घेण्यापुरती चालवायची. शिवाय एक आणीबाणीचं ॲडमिन खातं या नियमातून वगळायचं, त्याला स्वतंत्र सिक्युरिटी की (लॉगिनसाठी लागणारं छोटं उपकरण) लावायची आणि ती तिजोरीत ठेवायची.

कोणी सोडून जातं तेव्हा

त्याच दिवशी खातं बंद करा, सगळीकडून साइन-आउट करा आणि कामाचा डेटा पुसा. कंपनीचा फोन परत घेताना, माणूस समोर असतानाच त्याचं वैयक्तिक ॲपल किंवा गूगल खातं त्यातून काढून घ्या. नाहीतर रीसेटनंतर फोन तेच खातं मागत बसतो. पूर्ण नियंत्रणाखालच्या आयफोनसाठी हे कुलूप उघडण्याचा बायपास कोड एमडीएममध्ये ठेवता येतो, पण फोन पुसण्याआधी तो तिथे आहे याची खात्री करा.

पहिल्या भेटीआधी वरची यादी जमेल तेवढी भरून ठेवा, अर्धवट असली तरी चालेल. कंपनीचं डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याचं लॉगिन कोणाकडे आहे, एवढं मात्र नक्की शोधून ठेवा; बाकीची खाती त्यानंतरच उघडता येतात.