ड्रुरीचे स्लिपर ऑर्किड

ड्रुरीचे स्लिपर ऑर्किड (शास्त्रीय नाव पॅफिओपेडिलम ड्रुरी, आमरी कुल, म्हणजे ऑर्किडेसी) : पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवरील अगस्त्यमलै डोंगररांगेत आढळणारी प्रदेशनिष्ठ आमरी. जगात दुसरीकडे कुठेही ती नैसर्गिक अवस्थेत उगवत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. तिचा शोध दोनदा लागला आणि दोन्ही वेळा त्या शोधाची किंमत तिलाच मोजावी लागली.

या रांगेतील अगस्त्यकूडम हे शिखर १,८६८ मीटर उंच असून ते केरळच्या नेय्यार वन्यजीव अभयारण्यात येते. लागून पेप्पारा अभयारण्य आहे, तर पूर्वेच्या उतारावर तमिळनाडूचा कलक्काड-मुंडनथुराई व्याघ्रप्रकल्प. खालच्या दऱ्यांत घनदाट सदाहरित जंगल आणि वर गवत, उघडे कातळ, सतत वाहणारे वारे. आमरी म्हटले की झाडाच्या फांदीला बिलगलेली वनस्पती डोळ्यांसमोर येते. ही मात्र जमिनीवरची. साधारण १,४०० ते १,५५० मीटर उंचीवर, गवताळ कातळउतारावरच्या खाचांत साचलेल्या मुरमाड मातीत ती मुळे रोवते. या वंशातल्या बहुतेक जाती सावलीत राहणाऱ्या आहेत, हिला ऊन चालते. पाने पट्ट्यासारखी, चिवट आणि एकरंगी हिरवी असतात. काही भाईबंदांच्या पानांवर दिसते तशी चट्ट्यापट्ट्यांची नक्षी त्यांवर नसते. जमिनीलगत सरपटणारे लांब मूलस्कंध, म्हणजे आडवी वाढणारी खोडे, हेही हिचे वेगळेपण. त्यामुळे एका रोपाचा हळूहळू पुंजका होतो.

लवदार दांड्यावर एकच फूल येते. रंग हिरवट पिवळा, आणि वरच्या निदलावर (फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातील दलावर) तसेच दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांवर मधोमध जांभळट तपकिरी रंगाचा ठसठशीत पट्टा. तिसरी पाकळी, म्हणजे ओठ, मधाच्या रंगाची आणि सपातेच्या चवड्यासारखी पोकळ असते. फुलाची सगळी करामत या पोकळीत आहे. परागण करणाऱ्या कीटकाला देण्यासाठी या वंशाच्या फुलांत मध नसतो. रंगा-वासाला भुलून आलेला कीटक मधल्या वांझ पुंकेसराच्या गुळगुळीत ढालीजवळ उतरतो, घसरतो आणि पिशवीत पडतो. आल्या वाटेने परत चढणे जमत नाही. मागच्या बाजूला केसांची शिडी असते. तिच्यावरून वर जाताना आधी कुक्षीखालून (पराग स्वीकारणाऱ्या स्त्री-भागाखालून) आणि मग दोन पुंकेसरांपैकी एकाला घासूनच बाहेर पडता येते. पाठीवर चिकट पराग घेऊन निघालेला तो कीटक पुन्हा दुसऱ्या फुलात फसला, तरच बी धरते. फुले मोजकी आणि दूरदूर असतील तर असे दोनदा फसणारा कीटक भेटणे अवघड, हे सांगायला नकोच.

कर्नल हेबर ड्रुरी या वनस्पतींच्या जाणकार लष्करी अधिकाऱ्याला ही आमरी १८६५ साली त्रावणकोरच्या कलक्काड डोंगरांत सापडली. मद्रास इलाख्यातले वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम यांनी १८७४ मध्ये तिचे वर्णन करून ड्रुरींचे नाव तिला दिले. तेव्हा ती सिप्रिपेडियम वंशात होती. १८९२ मध्ये तिला पॅफिओपेडिलममध्ये हलवण्यात आले. तो काळ युरोपातल्या ऑर्किडवेडाचा. लंडनमध्ये ऑर्किडचे लिलाव होत आणि त्यासाठी डोंगरच्या डोंगर ओरबाडले जात. पिवळ्या फुलाची ही जात तिकडच्या काचगृहांत पोहोचली, तिच्यापासून संकरही झाले, आणि इकडे मूळ जागी ती दिसेनाशी झाली. पुढे ती निसर्गातून नामशेष झाली असेच धरले गेले. १९७२ साली अगस्त्यमलै भागात ती पुन्हा सापडली. बातमी पसरताच पुन्हा तोच प्रकार : हौशी संग्राहक आणि व्यापारी यांनी रोपे उपटून नेली. त्यात गवताला लागणाऱ्या वणव्यांची भर पडली. एवढ्याशा जागेत उरलेली जात अशा दुहेरी माऱ्यात टिकणे कठीणच.

वनस्पती-भूगोलाच्या दृष्टीनेही ही जात कोड्यात टाकते. दक्षिण भारतात या वंशाची हीच एक जात. महाराष्ट्र-गोव्याच्या सह्याद्रीत आमरींच्या अनेक जाती असल्या तरी स्लिपर ऑर्किड एकही नाही. हिचे भारतातले भाईबंद राहतात सिक्कीम, अरुणाचल, मेघालय, मणिपूरकडे, म्हणजे दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. हिमालय आणि दक्षिणेचे डोंगर यांच्यात अशी तुटक नाती इतरही जीवांत दिसतात. निलगिरीतला लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन हे ठळक उदाहरण. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी डोंगरी ओढ्यांतल्या माशांवरून असे सुचवले होते, की एके काळी सातपुड्याच्या रांगेने हे जीव दक्षिणेत उतरले असावेत. होरांची ही मांडणी आजही वादाचा विषय आहे, आणि माशांवरचा तर्क आमरीला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल.

संवर्धनाचे मोठे काम तिरुवनंतपुरमजवळ पालोडे येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत झाले. आमरीचे बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात अन्नसाठा नसतो. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. मात्र साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर बुरशीशिवायही ते रुजवता येते, हे लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवले होते. त्याच पद्धतीच्या आधाराने प्रयोगशाळेत रोपे वाढवून काही रोपे पुन्हा डोंगरावर लावण्यात आली. बाटलीत रोप तयार करणे हा यातला सोपा भाग म्हणायचा. कातळावर उन्हाळा, वारा आणि वणवा सोसून ते फुलावर यायला वर्षे लागतात, आणि त्यानंतर परागणाचा प्रश्न असतोच.

पॅफिओपेडिलम वंशाच्या सर्व जाती साइट्स कराराच्या, म्हणजे संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट एकमध्ये आहेत, त्यामुळे रानातून काढलेल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. निर्जंतुक बाटलीत वाढवलेल्या रोपट्यांना त्यातून सूट मिळते. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही स्लिपर ऑर्किडना संरक्षण आहे. पूर्वी ती सहाव्या अनुसूचीत होती; २०२२ च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आल्या. ही रोपे रानातून काढणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. अशा जातींच्या नेमक्या जागा जाहीर न करण्याचा संकेत अभ्यासक आता पाळतात. फोटोतल्या जीपीएसच्या नोंदीवरूनही जागा हुडकता येते, हे लक्षात घेता तो पर्यटकांनीही पाळायला हवा.