भेट द्यायला रेड वाइन : पोर्ट की ड्राय?

गोव्यातल्या दुकानात "भेट द्यायला एक चांगली रेड वाइन द्या" असं म्हटलं की बरेचदा पोर्ट या गोड वाइनची बाटली काउंटरवर येते. तेच नाशिकच्या एखाद्या वायनरीत म्हटलं, तर शिराझ नाहीतर कॅबर्ने सॉव्हिन्याँ या जातीच्या द्राक्षांची वाइन हातात पडते. दोन्ही लाल, दोन्ही द्राक्षांच्या, बाटलीही बहुधा 750 मिलीचीच. पण शिराझ-कॅबर्ने जेवताना प्यायची आणि पोर्ट जेवण उरकल्यावर, छोट्या पेल्यातून, चवीचवीने. भेट फसते ती इथेच. महाग घ्यायची की स्वस्त, हे नंतर बघता येतं. आधी गोड की ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, ते ठरवा.

हा फरक पडतो आंबवण्यात. काळी द्राक्षं फोडून सालींसकट आंबत ठेवली की यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. ड्राय रेडमध्ये हे काम शेवटपर्यंत चालू देतात. साखर जवळपास संपते, अल्कोहोल साधारण 13-14 टक्क्यांच्या घरात जातं आणि सालींतला, बियांतला तुरटपणा जिभेवर येतो. हा तुरटपणा टॅनिन या घटकाचा. कोऱ्या कडक चहाने तोंड ओढल्यासारखं होतं ना, तेच हे.

पोर्टमध्ये आंबवणं मधेच थांबवतात. खरी पोर्ट येते उत्तर पोर्तुगालमधल्या दोउरो नदीच्या खोऱ्यातून. तिथे रस दोन-तीन दिवस आंबला, निम्मीअधिक साखर अजून शिल्लक असली, की त्यात 77 टक्के अल्कोहोलची, द्राक्षांपासूनच काढलेली बिनरंगी ब्रँडी ओततात. प्रमाण साधारण चार भाग रसाला एक भाग ब्रँडी. यीस्ट मरतं आणि उरलेली साखर जिथल्या तिथे राहते. लिटरमागे 100 ग्रॅमच्या आसपास साखर आणि 19 ते 22 टक्के अल्कोहोल, असा तिचा हिशेब. म्हणून ती गोड लागते, पण चढतेही लवकर. गोड आहे म्हणून सरबतासारखी मोठ्या ग्लासात ओतणाऱ्याला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

ब्रँडी घालण्याची पद्धत रुळायला इंग्रजांचा व्यापार बराचसा कारणीभूत आहे. फ्रान्सशी लढाया सुरू असल्यामुळे इंग्लंड पोर्तुगीज वाइनकडे वळलं, 1703 च्या इंग्लंड-पोर्तुगाल तहाने त्या वाइनवरची जकात कमी झाली, आणि समुद्रप्रवासात माल टिकावा म्हणून व्यापारी पिंपांत ब्रँडी घालू लागले. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. शेवटी 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबाल याने दोउरोची हद्दच आखून दिली. अमुक खोऱ्यातल्या द्राक्षांचीच वाइन, असा सरकारी नियम इतक्या लवकर करणाऱ्या जगातल्या मोजक्या प्रदेशांत दोउरो येतं.

गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज होते, त्यांच्याबरोबर ही गोड चवही मुरली. मात्र गोव्यात पोर्ट म्हणून जी स्वस्त बाटली मिळते ती दोउरोची नसते. ती आपल्याकडेच, बरेचदा बेंगळुरू ब्लू या द्राक्षांपासून बनते आणि ठसठशीत गोड असते. तिला नाक मुरडायचं काहीच कारण नाही. नाताळच्या केकबरोबर, बेबिंका या थरांच्या गोवन मिठाईबरोबर ती छान जाते आणि कित्येक घरांत सणाची वाइन म्हणजे तीच. फक्त मुरलेली दोउरोची पोर्ट दिली, असं समजून ती देऊ नका. ड्राय वाइन पिणाऱ्या माणसाला तर ती मुळीच देऊ नका. त्याला पहिल्याच घोटाला साखर खुपते.

उलट चूक जास्त वेळा होते असं माझं मत आहे. आयुष्यात वाइनशी फारसा संबंध न आलेल्या माणसाला लोक चांगल्यातली, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली कॅबर्ने देतात. तो हौसेने उघडतो, घोट घेतो आणि "आंबट-तुरट आहे हो" म्हणून उरलेली बाटली फ्रिजमध्ये महिनाभर पडू देतो. त्यात देणाऱ्याचे पैसे जातात आणि घेणाऱ्याचा वाइनवरचा विश्वास उडतो, याचं मला जास्त वाईट वाटतं. अशा माणसाला गोड वाइन द्यावी, किंवा ड्रायच द्यायची असेल तर कमी टॅनिनची, फळांच्या चवीची, ओक न लागलेली साधी तरुण वाइन द्यावी.

दुकानात ओळखायचं कसं? बाटली फिरवा आणि अल्कोहोलची टक्केवारी शोधा. 19-20 दिसली तर ती ब्रँडी घातलेली, म्हणजे जवळपास नक्की गोड. 13-14 दिसली तर नुसत्या आकड्यावर विसंबू नका, कारण देशी गोड वाइनही त्या आसपास असू शकते; 'स्वीट' किंवा 'ड्राय' लिहिलंय का ते वाचा. द्राक्षाच्या जातीचं नाव ठळक छापलेलं असेल, शिराझ, कॅबर्ने, सांजोवेझे, तर ती बहुधा ड्राय. 'रिझर्व्ह' या शब्दाला फार भुलू नका. स्पेनमध्ये रेडवर 'रेझेर्व्हा' लिहायचं तर किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. असा कडक नियम सगळीकडे नाही.

खऱ्या पोर्टमध्येही दोन तऱ्हा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. रुबी ही तरुण, गडद लाल, जांभूळ-चेरीसारख्या चवीची. टॉनी पिंपात वर्षानुवर्षं राहते, हवा लागून तिचा रंग विटकरी-तपकिरी होतो आणि चव अक्रोड, अंजीर, कॅरॅमलकडे झुकते. जास्त मुरवलेल्या टॉनीवर 10, 20, 30, 40 वर्षं असा आकडा असतो. भेट म्हणून माझी पसंती 10 वर्षांच्या टॉनीला. आयात शुल्कामुळे आपल्याकडे ती स्वस्त पडत नाही, पण घाईने संपवावी लागत नाही. उघडल्यावरही फ्रिजमध्ये महिनाभर चांगली राहते. ड्राय रेड मात्र उघडल्यावर दोन-तीन दिवसांतच उतरू लागते.

ड्राय रेड घ्यायची तर आपल्याकडे चांगले पर्याय आहेत: सुलाची रासा शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह. जोरकस चव आवडणाऱ्याला या तिन्ही शोभतात. लेबलवरचं साल जरूर बघा. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, आणि आपल्या बहुतेक साध्या रेड दोन-चार वर्षांत संपवण्यासाठीच असतात. साताठ वर्षं दुकानात पडून राहिलेली साधी वाइन जुनी म्हणून भारी होत नाही. बाटली उन्हाच्या काचेमागे उभी असेल, बूच वर आलेलं असेल किंवा तोंडाशी ओघळ सुकलेला असेल, तर ती ठेवा आणि दुसरी मागा. फिरकीचं झाकण असेल तर मात्र बिचकू नका. त्याने वाइन हलकी ठरत नाही, उलट घरी बूच काढायचा स्क्रू नसलेल्याची सोय होते.

जेवण काय आहे हेही विचारा. तांबडा रस्सा आणि टॅनिनची कॅबर्ने एकत्र आली की तिखट जास्त भाजतं. तिथे मऊ, फळांच्या चवीची रेड बरी. कमी तिखटाचं भाजलेलं मटण, मशरूम, मुरलेलं चीज असेल तर कॅबर्ने खुलते. पोर्ट जेवणानंतर येणार, म्हणून तिच्याबरोबर अक्रोड, डार्क चॉकलेट, ब्लू चीज किंवा फ्रूट केक द्या.

एक व्यवहाराची गोष्ट. गोव्यातून बाटल्या गाडीत टाकून निघायचा विचार असेल तर आवरा. गोवा बनावटीची दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा नाका आहे. भेट इथल्याच दुकानातून घ्या. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथल्या माणसाला दुसरं काहीतरी द्या.

बाटलीच्या गळ्यात दोन ओळींची चिठ्ठी बांधली तर घेणाऱ्याचं काम सोपं होतं. ड्राय रेड असेल तर : 'प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये, जेवताना उघडा, दोन-तीन दिवसांत संपवा.' टॉनी असेल तर : 'थंड करून, छोट्या पेल्यात, जेवणानंतर. उरली तर फ्रिजमध्ये, महिनाभर चालेल.'