मानवी डीएनएचे क्रमनिर्धारण

डीएनएच्या रेणूत अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन हे चार घटक कोणत्या क्रमाने गुंफलेले आहेत, हे शोधून काढण्याच्या प्रक्रियेस क्रमनिर्धारण म्हणतात. सोयीसाठी या घटकांना अक्षरे म्हटले जाते. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अशी सुमारे ३०५ कोटी अक्षरे असतात; या संपूर्ण मजकुरास जीनोम म्हणतात.

ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ मधील पद्धतीत डीएनएची नक्कल होत असताना द्रावणात काही बदललेली अक्षरे मिसळतात. असे अक्षर जेथे जोडले जाते तेथे साखळीची वाढ खुंटते. निरनिराळ्या ठिकाणी थांबलेले तुकडे लांबीनुसार वेगळे करून त्यांच्या टोकाची अक्षरे ओळीने वाचली, की मूळ क्रम हाती येतो. मानवी जीनोम प्रकल्प (१९९०–२००३) प्रामुख्याने याच पद्धतीवर उभा राहिला. मात्र त्या वेळी पूर्ण म्हणून जाहीर झालेल्या क्रमात सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहून गेला होता, कारण एकसारख्या मजकुराची पुनःपुन्हा आवृत्ती असलेले पट्टे लहान तुकड्यांवरून जुळवता येत नाहीत. हजारो अक्षरे सलग वाचणारी यंत्रे आल्यावर ही उणीव २०२२ मध्ये भरून निघाली.

प्रथिनांची कृती सांगणारी जनुके एक लाखापर्यंत असावीत, असा पूर्वीचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे २०,००० भरली, म्हणजे मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत असतात जवळजवळ तितकीच. एका अक्षराचे महत्त्व मात्र केवढे असू शकते, ते अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात दिसते. तेथे एका ठिकाणी ‘अ‍ॅ’ऐवजी ‘था’ आल्यास हिमोग्लोबिनमधील एक अमिनो आम्ल बदलते, आणि आईवडील दोघांकडूनही असे जनुक मिळालेल्या अपत्यास दात्रपेशी रक्तक्षय (सिकल सेल) होतो. याच जनुकातील इतर दोषांमुळे बीटा थॅलेसेमिया उद्भवतो.

गोव्यात वंशाची विचारपूस पूर्वापार कुलदैवताच्या नावाने होत आली आहे. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला कशी गेली, या आठवणींत अनेक घराण्यांचा इतिहास सामावलेला आहे. ख्रिस्ती कुटुंबांचा माग चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींवरून लागतो. या साधनांत डीएनएची भर पडली आहे. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि लखनौची बिरबल सहानी पुराविज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी गोवा, कुमठा आणि मंगळूर येथील ११० रोमन कॅथलिक व्यक्तींच्या नमुन्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात संपूर्ण जीनोम न वाचता ठरावीक स्थानांची तुलना केली होती, हा फरक वृत्तपत्री बातम्यांत सहसा पुसला जातो. या समूहाचे बरेचसे वंशधागे गौड सारस्वतांच्या जुन्या वंशशाखेशी जवळीक दाखवतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या हकिकतींशी तो जुळतो. तरीही एखाद्या कुटुंबाने धर्म कधी आणि कोणत्या परिस्थितीत बदलला, हे रक्ताच्या नमुन्यातून कळत नाही. त्यासाठी दप्तरेच चाळावी लागतात.

ख्रिस्ती धर्मांतरानंतरही बामण, चारडो यांसारखे जातिभेद टिकले आणि सोयरिकी आपापल्या वर्तुळात होत राहिल्या, ही बाब वैद्यकीयदृष्ट्या अधिक महत्त्वाची आहे. अशा समूहांत एरवी विरळ असलेला जनुकीय बदलही बऱ्याच जणांत आढळू शकतो. युरोपीय नमुन्यांवर बेतलेल्या ज्ञात बदलांच्या यादीत तो नसल्यास, केवळ तेथे नाही म्हणून त्याला रोगकारक ठरवण्याची चूक संभवते. भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जीनोम वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. ती फरीदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात ठेवलेली आहे.