पार्श्वभूमी : 'एकट्याने आणि मदतीशिवाय' या तीन शब्दांच्या घोळाची गोष्ट

छकडीच्या, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या, मैदानात माईकवरचा माणूस आधी बैलांची नावं घेतो, मग मालकाचं, मग गावाचं, आणि वेळ उरला तर ड्रायव्हरचं. ड्रायव्हरच म्हणतात, सातारा-सांगलीकडच्या शर्यतींत गाडीवान हा शब्द फारसा ऐकू येत नाही. फॉर्म्युला वनमध्ये क्रम उलटा. ड्रायव्हरचं विजेतेपद १९५० पासून, गाडी बनवणाऱ्यांचं १९५८ पासून. आणि आजही ड्रायव्हर कोण जिंकला हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, त्याला संघांचं विजेतेपद कुणाकडे गेलं हे आठवावं लागतं.

तरी वाद पेटतो तो गाडीवरूनच: जिंकतो कोण, ड्रायव्हर की गाडी? सांगलीच्या विश्रामबागेतल्या टपरीवर २०२३ च्या हंगामात तो जवळपास प्रत्येक शर्यतीनंतर पेटायचा. त्या वर्षी एकाच संघाने २२ पैकी २१ शर्यती मारल्या. "गाडीच तशी आहे, मी बसलो तरी जिंकेन," असं एकजण म्हणणार. त्याला गप्प करायला दुसऱ्याकडे आकडा तयार: त्या २१ मधल्या १९ एकाच्या आणि तीच गाडी चालवणाऱ्या त्याच्या जोडीदाराच्या फक्त २. मग पहिला १९८८ काढतो. तेव्हाही एका संघाने १६ पैकी १५ जिंकल्या, पण त्यांची वाटणी झाली ८ आणि ७. आकडे सगळे खरे आहेत आणि त्यांतून ज्याला जे हवं ते निघतं. म्हणून आकडे बाजूला ठेवून एका शब्दाच्या मागे गेलेलं बरं: 'ड्रायव्हर एड', म्हणजे गाडी चालवताना ड्रायव्हरला मिळणारी यंत्राची मदत.

नियमपुस्तकात वर्षानुवर्षं एक वाक्य आहे, की ड्रायव्हरने गाडी एकट्याने आणि मदतीशिवाय चालवावी. वाचायला सोपं. पण मदत म्हणायचं कशाला? पॉवर स्टिअरिंग ही मदतच की, पण ते चाललं. स्टिअरिंगमागची पाती ओढून गिअर टाकायची सोय १९८९ मध्ये आली, प्रत्येक गिअरला क्लच दाबायची कटकट गेली, तीही चालली आणि अजून चालते. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसवर मात्र १९९४ पासून बंदी. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरची नवी मोटारसायकलसुद्धा आता एबीएसशिवाय शोरूममधून निघत नाही.

घोळ अगदी मुळापासूनचा आहे. १८९४ मध्ये पॅरिसहून रुआँला गाड्यांची चढाओढ झाली. सगळ्यांत आधी पोचली ती वाफेची गाडी, पण पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही, कारण तिची भट्टी सांभाळायला दुसरा माणूस बसवावा लागत होता. मधली जवळपास शंभर वर्षं सोडून देतो.

१९९२ ची विल्यम्स संघाची एफडब्ल्यू१४बी ही गाडी आली आणि प्रश्न टोकाला गेला. तिचं सस्पेन्शन संगणक सांभाळायचा (यालाच ॲक्टिव्ह सस्पेन्शन म्हणतात), चाक जागेवर फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर क्षणभर कापायचं. तिच्या ब्रिटिश ड्रायव्हरने १६ पैकी ९ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी इतर मोठ्या संघांनीही हेच सगळं बसवलं. आणि नेमक्या त्याच वर्षी, ११ एप्रिल १९९३ ला, डॉनिंग्टनच्या पावसात एक ब्राझिलियन ड्रायव्हर सुरुवातीला पाचवा पडला आणि पहिली फेरी संपायच्या आत पहिला झाला. कौशल्यवाल्यांचा हा हुकमाचा एक्का. त्या गाडीतही ट्रॅक्शन कंट्रोल होतं, ॲक्टिव्ह सस्पेन्शनही होतं. हे सांगितलं की टपरीवर जरा वेळ कुणी बोलत नाही. फेरीची किंमत त्याने कमी होत नाही, कारण ज्यांना त्याने मागे टाकलं त्यांतल्या दोघांकडे तीच यंत्रणा होती आणि इंजिन त्याच्यापेक्षा दमदार होतं. पण 'तेव्हा गाडी नुसती माणसंच पळवायची' हे म्हणणं तेवढं गळून पडतं.

१९९४ ला या सगळ्यावर बंदी आली. बंदी घालणं सोपं होतं, चोर पकडणं अवघड. त्याच वर्षी विजेत्या ड्रायव्हरच्या संघाच्या सॉफ्टवेअरमध्ये, शर्यत सुटताना गाडी आपोआप सांभाळणारं लाँच कंट्रोल सापडलं. पडद्यावर दिसणारी यादी दहाव्या पर्यायावर संपायची. त्याखाली न दिसणारा तेरावा होता. तो शर्यतीत वापरल्याचा पुरावा मिळाला नाही, म्हणून शिक्षाही झाली नाही. संशय मात्र पुढची सहा-सात वर्षं गेला नाही. कुणी पुढे गेला की बाकीचे म्हणणार, त्याच्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक डब्यात काहीतरी आहे.

आणि मग २००१ चा निर्णय, ज्यावर माझं अजून समाधान झालेलं नाही. त्या वर्षीच्या स्पेनच्या शर्यतीपासून ट्रॅक्शन कंट्रोल, लाँच कंट्रोल पुन्हा मोकळं केलं. कारण सरळ होतं: पकडता येत नाही, तर सगळ्यांनाच देऊन टाकू. यात तत्त्वाचा काही संबंध नव्हता. कॉपी पकडता येत नाही म्हणून पुस्तकं उघडून परीक्षा घ्यावी तसं. याच्या बाजूनेही बोलता येतं. निदान सगळे एका रेषेवर आले. पण पहिल्याच दिवशी काय झालं बघा. एका स्कॉटिश ड्रायव्हरची गाडी शर्यत सुटण्याआधीच्या फेरीला, म्हणजे फॉर्मेशन लॅपला, जागेवरच बंद पडली आणि त्याला सगळ्यांत मागून सुटावं लागलं. संघप्रमुखाने टीव्हीवर दोष ड्रायव्हरच्या डोक्याला दिला. मागाहून कळलं, बिघाड लाँच कंट्रोलमध्ये होता. यश यंत्राचं आणि चूक माणसाची, हा हिशोब तेव्हापासून चाहत्यांच्या मनात बसला तो बसलाच.

त्या वर्षांतल्या गाड्यांचा आवाज ज्यांनी केबलवर ऐकलाय त्यांना आठवेल. वळणातून बाहेर पडताना इंजिन गुरगुरायच्या ऐवजी तडतडायचं, फुटाणे फुटल्यासारखं. माधवनगर रोडवरच्या एका गॅरेजचे मेस्त्री आमच्याकडे टीव्ही बघायला यायचे. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा म्हणाले, "एवढ्या कोटींची गाडी आणि मिसिंग करतेय?" त्यांना समजावून सांगितलं, की ती बिघडलेली नाही, संगणक मुद्दाम सिलिंडर तोडतोय. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मग ॲक्सिलरेटरवर पाय कुणाचा?" नियम करणाऱ्यांना हा प्रश्न पडायला आणखी काही वर्षं गेली.

लाँच कंट्रोल २००४ ला गेलं, ट्रॅक्शन कंट्रोल २००८ ला. तेव्हा ते जमलं, कारण सगळ्या गाड्यांना एकच इलेक्ट्रॉनिक डबा सक्तीचा केला. लपवायला जागाच उरली नाही. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनच्या पावसात एकामागून एक गाड्या गरागरा फिरत असताना जिंकणारा ६८ सेकंदांनी पुढे होता. माझं मत इथे लपत नाही, लपवायचंही नाही: चाहत्याचा राग तंत्रज्ञानावर कधीच नव्हता. एफडब्ल्यू१४बीचे फोटो लोक अजून भिंतीवर लावतात. राग आहे तो न दिसणाऱ्या हातावर.

तो हात नंतर कानातून आला. रेडिओवरून इंजिनिअर 'अमुक वळणात ब्रेक उशिरा मार' सांगायला लागले, म्हणून २०१४ च्या सिंगापूरपासून शिकवणीवर बंधनं आली, आणि आधार काय, तर तेच वाक्य: एकट्याने आणि मदतीशिवाय. २०१६ ला ती इतकी कडक झाली, की बाकूत एक विश्वविजेता चुकीच्या इंजिन सेटिंगमध्ये अडकून स्टिअरिंगवरची बटणं चाचपत बसला आणि संघाला उत्तर माहीत असून सांगता येईना. जुलैत सिल्व्हरस्टोनला त्याच्या जोडीदाराची गाडी सातव्या गिअरला अडकत होती. संघाने तोडगा सांगितला, दहा सेकंदांचा दंड झाला, दुसऱ्याचा तिसरा झाला. महिना संपायच्या आत बहुतेक बंधनं उठली. गंमत अशी, की बटणं इतकी करून ठेवली होती की मदतीशिवाय माणसाला गाडी चालवता येत नव्हती.

२०२० ला एका संघाने स्टिअरिंग पुढे-मागे ओढून पुढच्या चाकांचा कोन बदलायची युक्ती आणली. ओढणारे हात ड्रायव्हरचेच, म्हणून तक्रार फेटाळली गेली. पुढच्या वर्षीपासून मात्र बंदी. २०२६ च्या नियमांत हलणारे पंख पुढेही आणि मागेही आलेत, आणि विजेच्या मोटरचा जोर १२० किलोवॅटवरून ३५० वर गेलाय, म्हणजे बॅटरी कुठे उधळायची आणि कुठे राखायची हा आता शर्यतीचा अर्धा खेळ.

इकडे छकडीचंही पुस्तक बदललं. २०१४ ला बंद झालेल्या शर्यती डिसेंबर २०२१ ला अटींवर सुरू झाल्या. चाबूक, काठी, शॉकचं यंत्र काही चालत नाही. मेस्त्रींनी फॉर्म्युला वन सोडून दिलंय. हायब्रिड इंजिन आल्यापासून आवाजावरून काही कळत नाही, म्हणतात. पुसेगावच्या छकडी शर्यतींना मात्र जातात, आणि छकडी सुटायच्या आधी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या हातात काय आहे ते बघून येतात.