उकळी, शिट्टी आणि तडतड

नोकरीसाठी मुंबईत येऊन भाड्याच्या खोलीत राहणारे तरुण वरणभातापासून स्वयंपाक शिकू लागतात, तेव्हा पहिली चूक बहुधा एकच होते: लवकर शिजावे म्हणून गॅस मोठा ठेवला जातो. भात मात्र त्याने लवकर शिजत नाही. समुद्रालगतच्या या शहरात उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि एकदा उकळी फुटली की खाली कितीही आच लावली तरी ते त्याहून तापत नाही. जास्तीची सारी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. हा खर्चही थोडाथोडका नाही: ३० अंशांचे पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसात पटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. म्हणून उकळी आल्यावर आच मंद केली तरी भात तितक्याच वेळात होतो. वाचतो तो गॅस.

शंभर अंशांची ही मर्यादा ओलांडण्यासाठी कुकर असतो. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनमध्ये दाखवलेल्या घट्ट झाकणाच्या भांड्याचा तो वंशज. आतली वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे तूरडाळ झटपट गळते. मात्र शिट्टी म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचल्यावर वजन उचलून बाहेर पडणारी वाफ. ती वेळ मोजत नाही. मोठ्या आचेवरच्या तीन शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर त्यांनाच बराच वेळ लागतो. तेव्हा ‘किती शिट्ट्या?’ हा आपल्या घरोघरचा प्रश्न मला नेहमीच अपुरा वाटत आला आहे. पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून मिनिटे मोजणे अधिक भरवशाचे.

डाळ शिजताना तिच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळते. आंबट पाण्यात ते सहज विरघळत नाही, म्हणून आमसूल किंवा चिंचेचा कोळ आमटीत डाळ शिजल्यावरच घालायचा. आधी घातला तर डाळ कणीदार राहते, आणि मग दोष बिचाऱ्या वाण्याच्या डाळीला दिला जातो.

फोडणीत गोष्ट बदलते, कारण तेलाला शंभर अंशांची अट नाही. ते धुरकटेपर्यंत तापत जाते. इथे मोहरी हाच आपला तापमापक. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटते, ती तडतड. चमचाभर तेलात आधी एकच दाणा टाकून पाहावा: तो निमूट तळाशी बसला तर थांबावे, लगेच उडाला तर बाकीची मोहरी घालावी. मग जिरे, हिंग आणि शेवटी हळद, कारण तिची बारीक पूड क्षणात करपते. माझी पहिली फोडणी नेमकी इथेच काळी पडली होती. हळदीचा पिवळा रंग आणि मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगला उतरतो, त्यामुळे चमचाभर तेल अख्ख्या पातेलीभर आमटीला पुरते.

त्याच तेलात कांदा टाकला की चर्र आवाज येतो. कांद्याचा बहुतांश भाग पाणीच असतो आणि ते पाणी निघून जाईपर्यंत फोडी शंभर अंशांच्या फार वर जात नाहीत. कांद्याला खमंगपणा देणारी, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माइयार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली अभिक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढेच वेग घेते. घाईने आच वाढवली तर कडा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो. मध्यम आचेवर परतत राहिल्यास पाणी संपत येताना चरचर हळूहळू खाली बसते, कढईतून वाफ येईनाशी होते, आणि कांदा तांबूस व्हायला लागतो तो त्यानंतर.